सेवाधर्म आणि बदली

सेवेची जेवढी स्तुति आपल्या समाजांत झाली आहे तेवढी दुसऱ्या कोणत्याहि गुणाची क्वचितच झाली असेल. शौर्याची स्तुति करतांना आपण त्याला न्यायाची अट घालतों, दानाची करतांना पात्रापात्रतेचा विचार करतों; परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाविषयीं आपणांस कसलीहि शंका येत नाहीं. महाराष्ट्राचें आराध्य दैवतच एका सेवेच्या कथेवर उभें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपूर क्षेत्रीं विठ्ठल विटेवर कां उभा राहिला, हें आपल्याकडे लहान मूलहि सांगतें. पुंडलीक आईबापांच्या सेवेंत गुंतला होता, तों देव दारीं आला. हातचें काम टाकून उठणें पुंडलिकाला बरें वाटलें नाहीं, म्हणून त्यानें एक वीट पुढें सारली. त्या विटेवर देव कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो आजतागायत उभाच आहे. सेवेपुढें देवानें थांबावें, ह्याहून मोठा मान सेवेला आणखी कोणता मिळावयाचा?

तथापि ह्या कथेकडे पाहतांना एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. देवानें पुंडलिकाचा मान राखला हें खरें; पण त्यामुळें पुंडलिकाचें काम कांहीं हलकें झालें काय? म्हाताऱ्यांना उचलून बसवितांना दुसरा एखादा हात लागला असता, तो कोणाचा? हा प्रश्न देवाला विचारावयाचा नसून आपण आपल्याला विचारावयाचा आहे. घरांत वर्षानुवर्षें सेवा करणाऱ्या माणसांशीं आपला समाज आज असाच वागतो. तो दाराशीं उभा राहून कौतुक करतो, आणि उंबरठा ओलांडून आंत येत नाहीं. अशी स्तुति ही मदत आहे, कीं मदत टाळण्याची एक सभ्य रीत आहे, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

सोलापूर शहरापुरतें पाहूं. हें कष्टकऱ्यांचें गांव. येथील चादरी आणि टॉवेल देशभर जातात. पूर्व भागांत तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तींत यंत्रमागांचा खडखडाट चालतो, आणि हजारों स्त्रिया घरीं बसून विड्या वळतात. विडीचें काम नगावर आहे. जितक्या विड्या तितकी मजुरी. पुढ्यांत सूप, सुपांत कापलेलीं पानें आणि तंबाखू, आणि हात अखंड चालू, अशा एखाद्या बाईच्या घरीं सासऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आहे, असें क्षणभर समजा. त्याला बसविणें, भरविणें, त्याचें मलमूत्र काढणें, पाठीला जखमा होऊं नयेत म्हणून दर दोन तासांनीं कूस बदलणें, हीं कामें कोणाकडे जातील? घरांत ह्याची चर्चासुद्धां होत नाहीं. ‘ती घरींच तर असते,’ एवढ्या एका वाक्यांत निकाल लागलेला असतो. ती घरीं असते हें खरें. परंतु घर हाच तिचा कारखाना आहे, आणि उशाशीं गेलेला प्रत्येक तास म्हणजे तितक्या विड्या कमी, ही गोष्ट त्या वाक्यांत येत नाहीं. आठवड्याच्या मजुरींत मात्र ती बरोबर येते.

हें एकच चित्र आहे असें नाहीं. मेंदूच्या पक्षाघातानें जखडलेलें मूल वीस वर्षें कडेखांद्यावर वागविणारी आई, भ्रमिष्ट झालेल्या भावाला सांभाळणारी बहीण, स्मृति गेलेल्या आईसाठीं नोकरी सोडून घरीं बसलेला मुलगा, आणि स्वत: सत्तरी ओलांडून पत्नीला भरविणारा नवरा, अशीं माणसें प्रत्येक पेठेंत आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं लोकांचा दिवस कसा जातो ह्याची देशभर पाहणी केली. घरांतल्या माणसांची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाला सरासरी १३४ मिनिटें त्यांत जात होतीं, आणि पुरुषांचीं ७६. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामांत २९९ मिनिटें जात, तर पुरुषांचीं ९७. देखभालींत मुलांचें संगोपनहि धरलेलें आहे. ह्या आकड्यांवरून भार कोणत्या बाजूस अधिक आहे तें कळतें. पण सरासरींत एक मोठी गोष्ट बुडून जाते. ज्या घरीं माणूस अंथरुणाला खिळलें आहे त्या घरची रात्र तींत दिसत नाहीं.

ह्या ठिकाणीं सोलापूरकरांना त्यांच्याच एका शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. १८७० नंतरच्या दशकांत ह्या शहरांत पहिली कापडगिरणी निघाली. पुढें आणखी गिरण्या निघाल्या, आणि कित्येक पिढ्या त्यांच्या भोंग्यावर जगल्या. गिरणींत ‘बदली’ नांवाची एक सोय असे. कायमचा कामगार आजारी पडला किंवा गांवीं गेला, तर त्याच्या मागावर बदली कामगार उभा राही. बदली कामगारांचे हाल होत. काम मिळेल कीं नाहीं ह्या चिंतेंत त्यांना फाटकाशीं तिष्ठत राहावें लागे. त्या पद्धतीचा गौरव करण्याचा हेतु नाहीं. पण तिच्या मुळाशीं असलेली एक जाणीव खरी होती. माणूस थकणारच, हें तींत आधींच धरलेलें होतें. त्या जुन्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत. शब्द राहिला आहे. कापडाच्या कामाला जी गोष्ट उघड दिसली ती घरच्या शुश्रूषेला अजून दिसलेली नाहीं. त्या कामाला बदली नाहीं.

परक्याची शुश्रूषा आणि घरच्याची शुश्रूषा ह्यांची वाट कोठें फुटली, हेंहि पाहण्यासारखें आहे. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकारानें सेवासदन सुरू झालें. त्याच्या आश्रयानें स्त्रिया परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या, आणि पांढरपेशा घरांतून हलकें समजलें जाणारें तें काम हळूहळू प्रतिष्ठेचा व्यवसाय झालें. सेवा व्यवसाय झाली त्याबरोबर तिला शिक्षण आलें, पाळी आली, साप्ताहिक सुटी आली. आठ तासांनीं दुसरी परिचारिका येते म्हणून पहिलीची माया कमी आहे, असें आपण म्हणत नाहीं. घरांतली सेवा मात्र धर्मच राहिली. आणि धर्माला पाळी नसते, सुटी नसते, शिकवण्याचीहि गरज नसते, असें आपण गृहीत धरून चाललों.

हें गृहीत आपल्या कायद्यांत आणि योजनांतहि उतरलें आहे. निराधार वृद्धांना दरमहा कांहीं रक्कम देणारी महाराष्ट्र सरकारची एक योजना आहे. २०२३ सालीं ती रक्कम १,५०० रुपये करण्यांत आली. योजनेचें नांव ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’. वृद्धाच्या हातीं पैसा यावा हें योग्यच आहे. परंतु श्रावणबाळ कावडींत बसलेला नव्हता; तो कावड वाहणारा होता. योजनेनें नांव वाहणाऱ्याचें घेतलें, आणि वाहणाऱ्यासाठीं तिच्यांत कांहीं ठेवलें नाहीं. २००७ सालीं केंद्र सरकारनें आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्यान्वयें टाकून दिलेल्या आईबापांना न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. मूळ कायद्यांत निर्वाहाची मर्यादा दरमहा १०,००० रुपये होती, आणि वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. टाकून जाणाऱ्यावर कायद्याची नजर असावी हें ठीकच. पण जो टाकून गेला नाहीं, जो पंधरा वर्षें तेथेंच बसून आहे, त्याला देण्यासारखें त्या कायद्याजवळ कांहीं नव्हतें. शिवाय त्यानें जबाबदार धरलीं तीं माणसें म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सुनेचें नांव त्यांत नव्हतें. कायद्यानें जिच्यावर भार टाकला नाहीं तिच्याच खांद्यावर तो घरोघर असावा, हा योगायोग खचित नव्हे.

येथें एक आक्षेप संभवतो. कोणी म्हणेल कीं, आईबापांची सेवा हें ऋण आहे. शास्त्रांनीं देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. तीं फेडणाऱ्याला समाजानें मदत कां करावी? कर्ज फेडणाऱ्याला कोणी बक्षीस देतें काय? आक्षेप वजनदार दिसतो. पण ऋणाचा हिशेब नीट मांडला तर तो टिकत नाहीं. सून फेडते तें ऋण कोणाचें? तिला ज्यांनीं वाढविलें ते आईबाप दुसऱ्या गांवीं आहेत, आणि कदाचित् त्यांच्या उशाशीं तिची भावजय बसली आहे. अपंग मुलाची आई कोणतें पितृऋण फेडते? आणि त्या म्हाताऱ्यानें उभें आयुष्य मागावर काढून ज्या शहराला कापड विणून दिलें, त्या शहराकडे त्याचें कांहींच येणें नाहीं काय? ऋण आहे हें मान्य केलें, तर ऋणको एकटा मुलगा नाहीं. शेजार आहे, पेठ आहे, नगरपालिका आहे, सरकार आहे. ह्या सर्वांचे हप्ते एकाच माणसानें, बहुधा एकाच स्त्रीनें भरावेत, आणि इतरांनीं तिची वाहवा करावी, ह्याला ऋणमुक्ति म्हणतां येणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. मदतनीस आला, भत्ता आला, कीं घरची माया आटेल. प्रेमानें होणारें काम सोय म्हणून होऊं लागेल, अशी पुष्कळांना मनापासून भीति वाटते. ह्या भीतीचें उत्तर पुंडलिकाच्या कथेंतच आहे. त्याची सेवा थोर कां ठरली? दारांत साक्षात् देव उभा होता, उठून जाण्याची वाट मोकळी होती, आणि तरी तो उठला नाहीं, म्हणून. त्याच्यापुढें निवड होती. जिला उठून जाण्याची सोयच नाहीं, जी दोन तास बाहेर गेली तर म्हातारा ओल्या अंथरुणांत पडून राहणार, तिचें तेथें बसणें प्रेमाचें आहे कीं नाइलाजाचें आहे, हें पाहणाऱ्याला कसें कळावें? कित्येकदां तिचें तिलाच कळत नाहीं, आणि हें न कळणें हाच तिच्या दु:खाचा मोठा भाग असतो. बदली मिळाली तर ती बाहेर जाईल, आणि परत येईल. त्या परत येण्याला प्रेम म्हणतां येईल. बाहेरची मदत मायेची जागा घेत नाहीं; माया ओळखूं येईल एवढी मोकळीक ती देते.

थोर सेवेलाहि बदली लागते, ह्याचें उदाहरण सोलापूरच्याच इतिहासांत आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा जन्म १९१० सालीं ह्या शहरांत झाला. १९३८ सालीं राष्ट्रसभेनें चीनला पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें त्यांत ते होते. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येंच मिळाली. तरी ते परत आले नाहींत, आणि जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ सालीं तेथेंच वारले. शहराला त्यांचा अभिमान आहे, त्यांचें स्मारक आहे, आणि तें सर्वथा योग्य आहे. परंतु त्यांना दूर राहतां आलें तें मागें घर सांभाळणारीं माणसें होतीं म्हणून. आई होती, भावंडें होतीं; वडिलांच्या पश्चात् घरचा भार त्यांनीं उचलला. एका अर्थानें डॉक्टरांची बदली घरीं भरली गेली होती. जगांतल्या प्रत्येक मोठ्या सेवेच्या मागें अशी एक अनामिक बदली असते. मग खुद्द त्या बदलीची बदली कोणीं भरावी, हा प्रश्न इतका गैरवाजवी कां वाटावा?

आतां थकव्याविषयीं. आपल्या नीतिकल्पनांत सेवकाच्या थकव्याला जागा नाहीं. सेवा करणारें माणूस चिडलें तर आपण त्याला कृतघ्न म्हणतों. रडलें तर कमकुवत म्हणतों. वस्तुत: चार महिने सलग झोप न झालेल्या माणसाचा हात एखादे वेळीं जोरानें पडतो, त्यांत दुष्टावा नसतो, पण तो पडतो आजाऱ्याच्याच अंगावर. सेवकाला विसावा देणें ही आजाऱ्याचीहि सेवा आहे, हें एवढ्यावरून ध्यानीं यावें. आपल्या भाषेंत एक शब्द ह्या बाबतींत फार बोलका आहे. दीर्घ आजारानंतर कोणी वारलें कीं लोक म्हणतात, ‘सुटला बिचारा’. आणि मग आवाज खालीं आणून घरच्यांना म्हणतात, ‘तुम्हीहि सुटलांत.’ बोलणाऱ्याच्या मनांत सहानुभूतीच असते. परंतु ह्या वाक्याचा अर्थ काय होतो? आपल्या समाजानें सेवा करणाऱ्याला सुटकेचा एकच मार्ग ठेवला आहे, आणि तो म्हणजे आजाऱ्याचा मृत्यु. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याच मरणाकडे नकळत डोळे लागावेत, आणि मग त्याबद्दल जन्मभर मनाला खावें, ह्याहून मोठी शिक्षा सत्प्रवृत्त माणसाला दुसरी नसेल.

इतर देशांतहि हा प्रश्न आपोआप सुटला नाहीं. इंग्लंडांत मेरी वेब्स्टर नांवाच्या एका अविवाहित स्त्री-धर्मोपदेशकेनें वृद्ध आईबापांसाठीं १९५४ सालीं आपलें काम सोडलें. १९६३ सालीं तिनें ‘टाइम्स’ पत्राला पत्र लिहून आपल्यासारख्या स्त्रियांची स्थिति मांडली, आणि देशभरांतून तशाच स्त्रियांचीं पत्रें आलीं. १९६५ सालीं त्यांची संघटना उभी राहिली. १९७६ सालीं सेवा करणाऱ्यांना सरकारी भत्ता सुरू झाला. पण त्यांतून विवाहित स्त्रियांना वगळण्यांत आलें, कारण त्या एरवींहि घरींच असणार! ‘ती घरींच तर असते’ हें वाक्य सोलापुरापुरतें नाहीं, हें ह्यावरून दिसेल. १९८६ सालीं युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर तो भेद गेला.

इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. केरळांत १९९३ सालीं कोझिकोडे येथें कांहीं डॉक्टरांनीं असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचें काम आरंभिलें. पुढें शेजारपाजारचे स्वयंसेवक त्यांत आले; २००८ सालीं राज्य सरकारनें त्यासंबंधीं धोरण जाहीर केलें, आणि ग्रामपंचायतींच्या आश्रयानें परिचारिका घरोघर जाऊं लागल्या. आजाऱ्याची जखम धुतां धुतां घरच्या माणसाला ती कशी धुवावी हें शिकविणें, हा त्या भेटीचा अर्धा भाग. महाराष्ट्रांतहि कांहीं सुरुवात झालेली आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांतून रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द सुंदर आहेत. पण त्यांपेक्षां मोलाची गोष्ट ही कीं, तेथें शुभंकर एकमेकांना भेटतात, आणि आपल्याला येणारा राग आपल्या एकट्याचाच नाहीं हें त्यांस कळतें. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यानें तर वेतन घेऊन अथवा न घेतां काळजी वाहणाऱ्याची, आईबापांसकट, व्याख्याच केली, आणि ज्यांना आधाराची फार गरज आहे अशा व्यक्तींना काळजीवाहकासाठीं भत्ता देण्याची कल्पना मान्य केली. विनावेतन सेवेला कायद्याच्या भाषेंत नांव मिळालें, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र नांव पुस्तकांतून पेठेपर्यंत यावयास हवें.

सोलापुरांत तें यावयाचें तर फार मोठ्या इमारतीची गरज नाहीं. प्रत्येक प्रभागांत एक जागा असावी, जेथें आजाऱ्याला दिवसांतून कांहीं तास विश्वासानें ठेवतां येईल. ज्याला हलवितां येत नाहीं त्याच्या घरीं आठवड्यांतून दोनदां तीन-तीन तासांसाठीं शिकलेलें माणूस जावें. तें माणूस रोग्याची भाषा बोलणारें असावें. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू ह्या चारहि भाषा ह्या गांवांत नांदतात, आणि स्मृति जाऊं लागली कीं मागाहून शिकलेली भाषा आधीं जाते व आईची भाषा उरते, हें पुष्कळांनीं पाहिलें आहे. पाण्याची गादी, चाकांची खुर्ची, कमोड अशा वस्तु अनेक गांवीं सेवाभावी संस्था अनामत घेऊन वापरण्यास देतात. त्याच ठिकाणीं त्या कशा वापराव्यात हेंहि शिकवावें. विडीसारख्या नगावरच्या कामांत गेलेल्या वेळाची भरपाई कशी व्हावी, ह्याचा विचार कामगार संघटनांनीं आपल्या मागण्यांत करावा. आणि घरांतल्या पुरुषांनीं संस्थेची वाट न पाहतां आपली पाळी लावून घ्यावी. रात्रीं दोन वाजतांची कूस बदलणें हें कांहीं स्त्रीस्वभावाला विशेष अनुकूल असें काम नाहीं.

पुंडलिकाच्या कथेनें आरंभ केला. पण पंढरपूरच्या परंपरेंत दुसरीहि एक कथा आहे. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळावयास बसे, तेव्हां विठ्ठल येऊन जात्याचा खुंटा धरी. गोपाळपुरास तिचें जातें आजहि दाखवितात. पुंडलिकाच्या दारीं जो उभा राहिला तोच जनीच्या जात्याशीं बसला, असें आपली परंपरा मानते. पहिल्या कथेनें सेवेचा आदर कसा करावा तें आपणांस शिकविलें, आणि तो धडा आपण उत्तम गिरविला. दुसरी कथा आपण तितक्याच आवडीनें गातों. तिच्यांतला धडा मात्र गिरवावयाचा राहिला आहे. आपल्या गल्लींत असें एक घर असतेंच. पुढच्या खेपेस त्या घरावरून जातांना ‘किती करते हो ही बाई!’ असें म्हणण्याऐवजीं, ‘गुरुवारीं दुपारीं मी येऊन बसतों, तुम्ही जाऊन या,’ एवढें म्हणून पाहावें; आणि गुरुवारीं खरोखरच जावें.